राहाब खोटं बोलली, मग ती चांगली कशी?

राहाब म्हणजे बायबलमधली यरीहो शहरातली बाई, जिने इस्राएली हेरांना घरात लपवलं. आमच्या लेकीला असले प्रश्न दिवा मालवल्यावरच सुचतात. म्हणून ख्रिस्ती पालकांसाठीची ही प्रश्नोत्तरांची कार्डं घेतली. पुढच्या बाजूला मुलाचा प्रश्न, मागे चार ओळींचं उत्तर आणि खाली बायबलमधले संदर्भ. तीन महिने वापरून झाली, म्हणून लिहितोय.

गोची त्या चार ओळींचीच आहे. 'खोटं कधीच बोलू नये' या कार्डाखाली निर्गम 20:16, म्हणजे 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा दिलीय. मी वाचून दाखवलं, तर पोरगी म्हणाली, "मग राहाब?" संडे स्कूलच्या नाटकात तिनेच राहाब केली होती. चादरीखाली दोन हेर दडवून 'ते केव्हाच गेले' असं शिपायांना ठणकावून सांगितलं होतं. आणि इब्री 11:31 मध्ये तर त्याच राहाबेच्या विश्वासाचं कौतुक आहे. कार्डावर याचा उल्लेखही नाही. मिसरच्या राजाने, फारोने, इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले होते; त्याला थाप मारून ती बाळं वाचवणाऱ्या शिप्रा आणि पुवा या सुइणीही कुठे नाहीत.

शेवटी कार्ड बाजूला ठेवलं. तिला सांगितलं की या गोष्टीवर मोठी मोठी माणसंही भांडली आहेत. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन खोट्याला अजिबात सूट द्यायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, देवाने सुइणींना बक्षीस दिलं ते दयेबद्दल, खोट्याबद्दल नाही. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण पप्पा, खऱ्याने बाळं वाचली असती का?" त्या रात्री झोपायला उशीर झाला.

सगळीच कार्डं अशी नाहीत. 'वाईट गोष्ट घडली म्हणजे देवाने शिक्षा केली का?' हे फार चांगलं उतरलंय. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू लूक 13 मध्ये विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. कार्ड तिथेच थांबतं, उगाच कारण चिकटवत नाही. क्षमेचं कार्डही आवडलं. माफ केलं म्हणजे मारणाऱ्या मुलाशी लगेच खेळायलाच हवं असं नाही, मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. आमच्या धाकट्याला ते दोनदा वाचून हवं होतं.

मरणावरचं कार्ड मात्र मी काढूनच ठेवलं. आजी गेल्यावर 'रडू नकोस, ती आनंदात आहे' असं मुलाला सांगायला लावतं. आपला मित्र लाजर मेल्यावर येशू स्वतः रडला होता, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही?

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी संच घ्यायला हरकत नाही. त्यापुढच्यांसाठी घेतलात तर मागचं उत्तर आधी एकट्याने वाचा, आणि खालचे संदर्भ उघडून बघा, खरा माल तिथे आहे. ते संदर्भ इतक्या बारीक अक्षरांत छापलेत की मला मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो, आणि टॉर्च लागला की धाकटाही उठून बसतो.