डे वनमधली मराठी डायरी ऑब्सिडियनमध्ये: स्क्रिप्ट चालते, पण हात फिरवल्याशिवाय नाही

डे वन या डायरीच्या अ‍ॅपमधल्या नोंदी ऑब्सिडियन या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये नेणाऱ्या पायथनच्या छोट्या स्क्रिप्ट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकट मिळतात. इंग्रजी डायरी त्या मिनिटभरात हलवतात. कोल्हापुरात बसून मराठीत लिहिलेली डायरी मात्र जशीच्या तशी त्यांच्या हवाली करू नये. काही ठिकाणी गाडी अडते, ते परवडलं. काही ठिकाणी ती न अडता नोंदी खराब करून पुढे जाते, तिथं खरी पंचाईत.

आधी डे वनच्या एक्स्पोर्टचं कौतुक करायला हवं. इम्पोर्ट/एक्स्पोर्टमध्ये जाऊन जेसन (माहिती रकान्यांत मांडणारा फाइलचा प्रकार) निवडलं की एक झिप मिळते. तिच्यात सगळ्या नोंदींची एक जेसन फाइल असते आणि फोटोंचं वेगळं फोल्डर. तारीख, टाइमझोन, ठिकाण, हवामान, टॅग, स्टार, सगळं सुटं सुटं लिहिलेलं असतं, काही दडवलेलं नाही. पीडीएफ किंवा साधा टेक्स्ट घेऊ नका, स्क्रिप्टला जेसनच लागतं. एक्स्पोर्टआधी सगळे फोटो त्या यंत्रावर उतरलेत याची खात्री करा. क्लाउडवरच राहिलेला फोटो झिपमध्ये येत नाही.

आता गडबडी. सर्वांत फसवी गडबड वेळेची. जेसनमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. स्क्रिप्टनं त्यातली नुसती तारीख उचलून फाइलला नाव दिलं, की मध्यरात्र ते पहाटे ५:३० या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जाऊन बसते. गणपतीची मिरवणूक बघून रात्री २ वाजता लिहिलेलं आदल्या दिवशी रात्री ८:३० चं होतं. तालमीला निघताना पहाटे ४:३० ला टिपलेलं वजन आदल्या रात्री ११ चं दिसतं. दिवसा लिहिणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही, म्हणून चाचणीसाठी मुद्दाम पहाटेची नोंद घ्यावी. उपाय सोपा आहे: नोंदीतच दिलेला टाइमझोन घ्यायचा आणि पायथनच्या झोनइन्फो या मॉड्यूलनं वेळ बदलायची. सरसकट साडेपाच तास मिळवू नका, दुबईत लिहिलेली नोंद चुकेल. विंडोजवर टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर 'एशिया/कोलकाता' सापडत नाही म्हणून झोनइन्फो हात वर करतं.

तारखेचं नाव देण्यात दुसरा धोका आहे. एका दिवसात तीन नोंदी असतील तर तिन्हींना एकच नाव मिळतं आणि शेवटची आधीच्या दोघींवर लिहिली जाते. एरर नाही, काही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावरून ४३ फुटांच्या धोक्याकडे चढताना ज्यानं दिवसातून चारदा टिपली, त्याच्याकडे एकच आकडा उरेल. नावात तास-मिनिटं घाला, पण मध्ये कोलन नको, डॅश द्या. कोलन विंडोजलाही चालत नाही आणि ऑब्सिडियनलाही.

मराठीचे खरे हाल होतात ते टॅग आणि शीर्षकं 'साफ' करताना. स्क्रिप्टवाले अक्षर-आकडे सोडून बाकी सगळं काढायला पायथनच्या रेजेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) डब्ल्यूचा (\w) वर्ग वापरतात. त्या वर्गात आपली व्यंजनं बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत यांना तो अक्षर मानत नाही. मग रंकाळाचं होतं 'रकळ', कुस्तीचं 'कसत'. पुढची गंमत बघा: शाळा आणि शेळी, दोन्हींचं 'शळ'. म्हणजे मास्तरकी आणि गोठा एकाच टॅगखाली. टॅग एकदा असे मिसळले की मागे जाऊन निवडता येत नाहीत. त्यामुळे काय ठेवायचं हे सांगण्याऐवजी काय काढायचं तेवढंच सांगा: स्लॅश, कोलन, चौकटी कंस, हॅश, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि असेच दोन-चार. टॅगमधल्या रिकाम्या जागेला डॅश द्या, कारण ऑब्सिडियनचा टॅग पहिल्या स्पेसला संपतो. 'महापूर २०१९' चा नुसता 'महापूर' उरतो.

याच झाडझुडीत काही स्क्रिप्ट न दिसणारी, जागा न घेणारी झिरो-विड्थ चिन्हंही काढतात. इंग्रजीत बिघडत नाही. पण काही कीबोर्ड अर्धा र उमटवायला नेमकं तेच चिन्ह वापरतात. ते गेलं की 'किनाऱ्यावर' चं 'किनार्यावर' होतं. काढण्याआधी र, हलंत आणि ते चिन्ह अशी त्रिकूटं शोधून तिथं ऱ आणि हलंत घाला. दोन कीबोर्डवर लिहिलेली डायरी असेल तर याचा आणखी एक फायदा: दिसायला सारखे पण आतून वेगळे असलेले शब्द सर्चमध्ये एकत्र सापडायला लागतात.

नोंदीची पहिली ओळ फाइलचं नाव म्हणून वापरायची असेल तर लांबी बघा. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा-हलंत धरून ८५ चिन्हं, झालं. नाव तारीख-वेळेचं ठेवून शीर्षक फ्रंट मॅटरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या चौकटीत, टाकणं बरं. तिथं ते अवतरणात द्या, नाहीतर 'खर्च: दूध, पेट्रोल' अशा शीर्षकातल्या कोलननं प्रॉपर्टी (त्या चौकटीतले रकाने) मोडतात. विंडोजवर फाइल लिहायला उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं नाही तर पहिल्याच मराठी अक्षराला 'चारमॅप' ची एरर येते. त्यातल्या त्यात ही सज्जन एरर, निदान थांबते तरी.

फोटोंचं काम कंटाळवाणं पण सरळ आहे. मजकुरात फोटोच्या जागी 'डेवन-मोमेंट' (dayone-moment) ची लिंक आणि एक आयडी असतो. फोल्डरमधल्या फाइलचं नाव मात्र एमडी५ (फाइलवरून काढलेला सांकेतिक आकडा) असतं. दोन्हींची जोडी नोंदीच्या फोटो-यादीत मिळते. फाइल कॉपी करा, मूव्ह नको. तोच फोटो दोन नोंदींत असेल तर दोघींना एकच फाइल लागते, आणि पहिलीनं ती उचलून नेली की दुसरी उघडी पडते. व्हिडिओ आणि ऑडिओच्या लिंकची घडण थोडी वेगळी असते, ती बऱ्याच स्क्रिप्ट सोडून देतात. शिवाय डे वन टिंबं आणि डॅशांपुढे बॅकस्लॅश घालतं. वाचताना तो जाणवणार नाही, पण 'रु. ५०' शोधलं तर काही सापडणार नाही. ओळीच्या सुरुवातीचे सोडून बाकीचे काढा. सुरुवातीचे काढले तर मार्कडाउन (चिन्हांनी मांडणी सांगायची पद्धत) हॅशचं हेडिंग आणि डॅशची यादी करून टाकतं.

मुक्कामाची जागा म्हणून ऑब्सिडियन चांगलं आहे: साध्या मार्कडाउन फाइली, आपल्याच डिस्कवर, आणि वापर फुकट. सर्च डे वनपेक्षा उजवा. पण त्या फाइलींना कुलूप नसतं. डे वनचा पासकोड आणि एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन मागेच राहतं. घरात एकच लॅपटॉप भावंडं, वहिनी, शेजारचा पोरगा असे सगळे वापरत असतील तर बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूपही पुरत नाही, कारण लॉगिन झाल्यावर ते सगळ्यांनाच उघडं. विंडोजचं वेगळं खातं किंवा व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामची कुलूपबंद पेटी हवी. 'आजच्या दिवशी' च्या आठवणीही आपोआप येत नाहीत, त्यासाठी प्लगइन शोधावं लागतं.

गुगल कीपमधून येणाऱ्यांसाठी एवढंच: टेकआउट या गुगलच्या एक्स्पोर्टच्या जेसनमध्ये वेळ मायक्रोसेकंदांत असते, दहा लाखांनी भागा. फोटो हरवल्यासारखे वाटले तर एक्स्टेन्शन बघा. जेसन 'जेपेग' म्हणतं आणि फाइल 'जेपीजी' असते, असं होतं. कचऱ्यात टाकलेल्या नोटाही सोबत येतात, जेसनमध्ये तशी खूण असते, तिच्यावरून त्या गाळा.

डे वनची वर्गणी बंद करण्याआधी तीन गोष्टी तपासा. जेसनमधल्या नोंदी आणि तयार झालेल्या फाइली यांची संख्या जुळते का. सगळ्या व्हॉल्टमध्ये (ऑब्सिडियनच्या नोंदींचं फोल्डर) dayone-moment शोधल्यावर शून्य येतं का. आणि जोडाक्षरांनी भरलेला एखादा टॅग आहे तसा उतरलाय का. मूळ झिप पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. स्क्रिप्ट पुन्हा चालवायची वेळ आली तर तीच लागते.