डेक्सामेथासोन: सात महिन्यांच्या वापरानंतर

ह्यांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ, निघाला तेव्हा सगळ्यात आधी सुरू झाली ती डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी, 4 मिलिग्रॅमची, दिवसातून चार वेळा. दोन दिवसांत डोकेदुखी गेली, अडखळणारं बोलणं सुधारलं, उजव्या हाताने कप धरता यायला लागला. या गोळीने गाठ जात नाही, गाठीभोवतीची सूज ओसरते. पण माणूस परत मिळाल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच ती कमी करायचा विषय काढायला जीव धजत नाही.

ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं. डिस्चार्जच्या कागदावर रोज 8 मिलिग्रॅम लिहिलं होतं, ते तसंच चालू राहिलं. किती दिवस, ते कुणी लिहिलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. याची मला आजही खंत आहे.

आधी झोप उडाली. रात्री तीनला बघावं तर हे कपाट उपसून बसलेले. जेवून हात धुतले की पुन्हा भूक. चेहरा सुजला, जिभेवर पांढरा थर आला, कधी नव्हती ती साखर वाढली. हे सगळं आम्ही चालवून घेतलं. दहाव्या आठवड्यात मात्र एका सकाळी कमोडवरून उठताच येईना. दोन्ही हात मांड्यांवर रेटून तीनदा प्रयत्न केला, मग मला हाक मारली. गाठ वाढली असंच वाटलं. एमआरआयमध्ये तसं काही नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाय तपासले तर पावलांत जोर होता, मांड्यांत नव्हता. स्टेरॉइडने मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात, हे तेव्हा कळलं.

त्यांनीच सांगितलं की 1994 मध्ये मेंदूत कर्करोग पसरलेल्या रुग्णांत रोज 4 आणि 16 मिलिग्रॅम यांची तुलना झाली होती. मेंदूवर जीवावर बेतणारा दाब नसलेल्या त्या रुग्णांत आठवड्याने सुधारणा जवळपास सारखीच होती, त्रास मात्र मोठ्या डोसला जास्त. आधी कळलं असतं तर!

गोळी एकदम बंद करायची नसते. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनणं या काळात मंदावलेलं असतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही पायरी-पायरीने उतरलो. दोनवर आल्यावर शब्द पुन्हा अडखळले, तेव्हा परत तीनवर गेलो, दोन आठवडे थांबलो, मग अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने खाली. औषधाचा असर दीड-दोन दिवस टिकतो, म्हणून सगळा डोस सकाळीच द्यायला सांगितला. त्याने झोप बरीच सुधारली.

फाइलच्या पहिल्या पानावर आता मी तारीख आणि डोस लिहिते. दर भेटीत पहिला प्रश्न तोच असतो: अजून कमी करता येईल का? तुमच्या घरी ही गोळी चालू असेल तर तुम्हीही विचारा. मनाने मात्र एकही कमी करू नका.

सध्या रोज 1 मिलिग्रॅम चालू आहे. खुर्चीवरून हे आपले आपण उठतात. कमोडशेजारी भिंतीला बसवलेला दांडा अजून लागतो.