जुन्या शेतजमिनीवर मेटल डिटेक्टर: हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

मेटल डिटेक्टरच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक काय असतं, तर खोली. अमुक आकाराचं नाणं तमुक सेंटिमीटरवर सापडेल. काढणीनंतर रिकाम्या झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर हंगामभर यंत्र फिरवल्यावर माझं मत असं झालंय, की शेतासाठी यंत्र घेताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

नांगराचा फाळ साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल जातो. तेवढा थर वर्षानुवर्षं वरखाली होत असतो, आणि हातून पडलेली सुटी नाणी बहुतेक त्याच थरात फिरत राहतात. त्याखालची न हललेली माती पुरातत्त्वज्ञांच्या कामाची असते. कुठली वस्तू कशाच्या शेजारी, कोणत्या थरात होती हे फक्त तिथेच कळतं, म्हणून तिला आपण हात लावूच नये. म्हणजे जादा खोली विकत घेऊन करायचं काय?

शेतातला खरा त्रास लोखंडाचा. खिळे, नालांचे तुकडे, अवजारांचे मोडके भाग, तारा, साखळीच्या कड्या. जिथे जुनी वस्ती किंवा वाट होती तिथे हे जास्त, आणि नाणीही तिथेच जास्त. त्यामुळे लोखंड टाळून शोधायची सोय नाही, लोखंडातच शोधावं लागतं. इथे उपयोगी पडतो तो यंत्राचा रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूचा सिग्नल संपवून दुसरीसाठी यंत्र किती लवकर मोकळं होतं ते. माझं यंत्र मधल्या श्रेणीतलं, मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं. सोबत आलेली कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची तबकडी, अकरा इंची डीडी (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली). मोकळ्या रानात ती उत्तम, भरभर जमीन उरकते. पण खिळ्यांच्या पट्ट्यात शिरलं की एकाच वेळी तीन-चार वस्तू तिच्याखाली येतात आणि नाण्याचा आवाज त्यात बुडतो. मी वेगळी सहा इंची कॉइल घेतली, आणि ज्या तुकड्यातून आधी नुसती घुरघुर ऐकू येत होती तिथेच मधूनमधून स्वच्छ टोन यायला लागले. इतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडला नाही.

लोखंडाने डिटेक्टरला चकवण्याची गोष्ट यंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आता वस्तू कोणत्या धातूची असावी हे सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांबद्दल, कारण नवे लोक त्यावर फार विसंबतात. कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात, त्यांचं क्षेत्र परत येतं आणि त्याला किती उशीर झाला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. अंदाजच तो. जाड चांदीचं नाणं वरचा आकडा देतं, हे खरं. पण पातळ घडवलेलं नाणं, नाण्याचा तुकडा किंवा सोन्याची बारीक वस्तू नेमकी तिथे येते जिथे ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद येतो. आकडा बघून खणायचं की नाही ठरवलं तर हीच नाणी मागे राहतात. उलट वाकडा खिळा किंवा मोठा पत्रा चांदीचं सोंग घेतो. अशा वेळी नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवावी. आवाज तुटला किंवा जागा सरकली तर बहुधा लोखंड. मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळण्याची सोय, जवळजवळ बंदच ठेवते आणि लोखंडालाही खालच्या सुरात बोलू देते. कान चार-पाच फेऱ्यांत सरावतो. हेडफोन मात्र वायरचा किंवा खास कमी विलंबाचा हवा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचेपर्यंत कॉइल पुढे गेलेली असते.

जमिनीची अवस्थाही पाहावी लागते. ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल हातभर वर तरंगते, काही हाती लागत नाही. काढणीनंतरची धसकटं कॉइलला धडकतात आणि खोटे आवाज येतात. ढेकळं फुटून, पाऊस पडून माती बसली आणि वाफसा आला की तो काळ सर्वांत चांगला. विजेच्या तारांखाली सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) उतरवावी. नाही तर यंत्र आपल्याशीच बडबडत बसतं.

तक्रारी किरकोळ आहेत. कॉइल आणि तिचं कव्हर यांच्यामध्ये माती साचते, ती झटकावी लागते. दांड्याचा सांधा थोडा हलायला लागलाय. बॅटरी दिवसभर पुरते. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र, सोबत मिळत नाही, पण त्याच्याशिवाय ओल्या मातीच्या गोळ्यात छोटं नाणं चाचपडत बसणं म्हणजे शिक्षा आहे. घ्याच.

सापडतं काय? शिशाचे तुकडे, बटणं, बकलं, झिजलेली तांब्याची नाणी. ओळखू येईल असं चांदीचं नाणं क्वचित. रासायनिक खतांनी तांबं आणि कांसं खाल्लेलं असतं, नांगराचे ओरखडे असतात. सापडलेलं नाणं जागच्या जागी बोटाने घासू नका. मातीतली वाळू उरलासुरला ठसाही घेऊन जाते. आणि जागेची नोंद फोनमधल्या जीपीएसवर लगेच करा.

इंग्लंडमधल्या हॉक्सन इथे १९९२ मध्ये एरिक लॉज नावाचा माणूस शेतात हरवलेला हातोडा शोधत होता, आणि त्याला रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी सापडली. पण त्याने सगळं उपसलं नाही. खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना ठेवा मूळ रचनेसह काढता आला. तो हातोडाही सापडला, आणि आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. कुठे परवाना लागतो, कुठे जुन्या वस्तू शोधायलाच बंदी आहे. यंत्राची ऑर्डर देण्याआधी तो वाचा, जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या आणि सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं हेही त्यातच लिहून घ्या.

मोकळी, लोखंड नसलेली जमीन असेल तर याहून स्वस्त एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्रही चालेल. वस्तीच्या खुणा असलेलं जुनं शेत असेल तर मी हेच पुन्हा घेईन, फक्त सहा इंची कॉइल पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवीन.