राखाडी कापडी हत्ती: वर्षभर रोज वापरल्यानंतरचा अनुभव

मेन रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून घेतला होता. वीतभर उंची, राखाडी मऊ फर, कान आतून गुलाबी सुती कापडाचे. कंपनी काही नावाजलेली नाही, पण लेबलवर आयएसआय मार्क होता म्हणून घेतला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हा मार्क सक्तीचा आहे, तरी बाजारात ढिगाने बिनमार्काचा माल असतो, तेव्हा लेबल उलटून बघायचंच. घेतला तेव्हा लेक दीड वर्षाची होती, आता अडीचची झालीय आणि हत्तोबाशिवाय घरात पान हलत नाही. हे नाव तिनेच ठेवलंय, आम्ही काही शिकवलं नव्हतं.

आधी वस्तूबद्दल सांगते. डोळे दोऱ्याने भरलेले आहेत, हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. प्लास्टिकचे किंवा बटणाचे डोळे असतील तर तीन वर्षांखालच्या मुलाला देऊच नका, पोरं ओढून काढतात आणि सरळ तोंडात घालतात. आत पॉलिस्टरचा कापूस आहे, एवढ्या धुण्यांनंतरही गोळे झाले नाहीत, फक्त मान जरा लुळी पडलीय कारण ती त्याला कायम मानेलाच धरून फिरवते. सोंड जशीच्या तशी. डाव्या कानाची शिवण मात्र पावसाळ्यातच उसवली, तिथे कंपनीने एकेरी टीप मारलीय, रोज ओढला जाणारा भाग आहे तर दुहेरी हवी होती. मी घरीच आतल्या बाजूने बारीक टाके घातले, ती शेजारी बसून त्याचा पाय धरून होती आणि सुई आत गेली की दर वेळी "झालं, झालं" म्हणून त्याला थोपटत होती.

कान हीच खरी जागा आहे. झोप आली की उजव्या कानाचं टोक दोन बोटांत धरून ती वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, हळूहळू फिरवते. तेवढ्याच भागातली फर पार झडलीय, खालचं विणलेलं कापड दिसतं आणि ते इतकं गुळगुळीत झालंय की हात लावला की कळतं हिला तोच कान का लागतो. डावा दिला तर अंधारातही ओळखते, डोळे न उघडता फिरवून उजवा शोधते.

आता धुण्याचं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचाच असतो. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, थंड पाणी, बाळाच्या कपड्यांचं लिक्विड, मशीन डेलिकेटवर, आणि सावलीत वाळवायचा. उन्हाळ्यात नाशकात सकाळी टाकला की दुपारच्या झोपेपर्यंत कोरडा होतो, पावसाळ्यात मात्र दोन-दोन दिवस आतून ओलसर राहतो आणि कुबट वास धरतो, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि पोट दाबून बघितल्याशिवाय देऊ नका. सर्दी-शिंकांचा त्रास असेल तर पिशवीत घालून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवला की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात, पण त्यांची घाण आत राहते म्हणून नंतर धुवायला लागतोच. आमच्याकडे वाळत घालायची दोरी वर आहे, तर सासूबाईंनी गॅलरीच्या ग्रिलला खाली एक सुतळी बांधून दिली, त्यावर हत्तोबा लटकतो आणि ही ओला पाय धरून शेजारी उभी राहते. फार वेळा धुऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला जो मळका वास वाटतो तोच तिचा ओळखीचा वास असतो, धुतल्यानंतर पहिली रात्र नेहमी कुरकुरीची जाते.

पहिल्यांदा याच सासूबाई म्हणाल्या होत्या, ते चिंधं टाका आणि नवीन आणा, चार लोकांत बरं दिसत नाही. त्यांचं काही चुकीचं नव्हतं, हत्तोबा खरंच कळकट दिसतो. पण मग विषय निघाला नणंदेच्या मुलाचा, तो शाळेत जाईपर्यंत जुन्या लुगड्याच्या गोधडीचं एक टोक घेऊन झोपायचा, गावाला जाताना गोधडी बरोबर न्यायला लागायची आणि त्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. तेव्हा फर आहे की लुगडं एवढाच फरक.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांचा यावरचा लेख १९५३ साली छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आई म्हणजे आपलाच भाग असं बाळाला वाटत असतं, ते हळूहळू सुटताना मधला आधार म्हणून मूल अशी एक वस्तू धरतं, ती त्याने स्वतः निवडलेली असते आणि घरच्यांनी तिला मान द्यायचा असतो, तिच्यात बदल झाला तर तो मुलाने करायचा. मला हे शंभर टक्के पटलंय, कारण प्लेग्रुपला हत्तोबा दप्तरात असतो त्या दिवशी ती गेटवर माझा हात स्वतः सोडते.

एकसारखे दोन घेऊन ठेवा असं सगळे सांगतात. घ्यायचे तर पहिल्याच दिवशी घ्या आणि आलटून पालटून द्या, म्हणजे दोन्ही सारखे झिजतील आणि वासही सारखा राहील. नंतर आणलेला चालत नाही. आमच्या दाजींनी हौसेने तस्साच दुसरा आणला, तिने त्याचा उजवा कान ओठाला लावून बघितला आणि परत दाजींच्याच मांडीवर नेऊन ठेवला. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग छापला होता, त्यात मुलांना सांगितलं की ही पेटी कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल बनवते. बाकी खेळण्यांची नक्कल घ्यायला पोरं खुशाल तयार, पण ज्यांचं असं लाडकं खेळणं होतं त्यांतल्या बहुतेकांना आपलंच परत हवं होतं, काहींनी तर ते पेटीत ठेवूच दिलं नाही.

प्रवासात त्याच्या गळ्यात रिबिन बांधू नका, अडकायची भीती असते. मी नाशिकरोडला गाडीत चढताना तो माझ्याच पर्समध्ये ठेवते, सोंड बाहेर, म्हणजे तिला दिसत राहतो.

बारशाला भेट म्हणून घेणार असाल तर आईवडिलांना सांगूनच द्या की एक वर्षाच्या आत झोपताना बाळाजवळ कुठलंच मऊ खेळणं ठेवायचं नाही, श्वास अडकण्याचा धोका असतो. तोवर कपाटात राहू दे. त्यानंतर घेणाऱ्यांनी बिनधास्त घ्या, फक्त वापरायच्या आधी दोन्ही कानांना घरी एक जास्तीची टीप मारून घ्या.