सॅक पाठीवर, नऊ महिने: गाईडसोबतच्या डोंगरमोहिमांचा अनुभव

ऑक्टोबर ते जून या नऊ महिन्यांत मी एकाच संस्थेबरोबर चार मोहिमा केल्या. राहते छत्रपती संभाजीनगरला, वय 46. त्याआधी डोंगर म्हणजे देवगिरी किल्ला आणि म्हैसमाळ, एवढीच ओळख. संस्थेचं नाव देत नाही, कारण सांगणार आहे ते बहुतेक आयोजकांना लागू पडतं. "पैसे भरू का?" असं विचारणाऱ्या मैत्रिणी वाढल्या, म्हणून एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

या मोहिमांत कपडे, स्लीपिंग बॅग, मॅट, पाणी आणि वाटून दिलेला शिधा, सगळं आपल्याच पाठीवर असतं. मुक्काम टेंटमध्ये. हिमाचलमधल्या हम्प्टा पास या खिंडीच्या मोहिमेत स्वयंपाकाचं सामान तेवढं खेचरांवर होतं.

पहिली मोहीम कन्नड तालुक्यातली, अंतूर किल्ला आणि गौताळा. गौताळा अभयारण्य असल्याने आत वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मुक्काम बाहेर गावात केला आणि जंगलात वनखात्याच्या परवानगीने दिवसाच फिरलो. हे काम संस्थेने चोख केलं. माझी सॅक मात्र 13 किलो भरली होती. लीडरने निघण्याआधीच ती रिकामी करायला लावली. जास्तीचे कपडे, स्टीलचा डबा, मोठा टॉवेल बाहेर निघाले आणि काटा 9 किलोवर आला. जड सामान पाठीला चिकटून मध्यभागी ठेवायचं, कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसवायचा. खांद्याचे पट्टे फक्त तोल सांभाळतात, वजन कंबर घेते. पाच मिनिटांचा हा धडा नसता, तर मी दुसऱ्या मोहिमेला गेलेच नसते.

दुसरी मोहीम वेताळवाडी आणि जंजाळ्याची. डोंगराच्या अंगात कोरलेली घटोत्कच लेणी पाहिली. छान झाली, तक्रार नाही.

आता तिसरी, डिसेंबरमधली. रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड उतरून कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड, असे तीन दिवस. जाहिरातीत "12 जणांमागे एक लीडर" होतं, प्रत्यक्षात 26 जणांमागे एकच निघाला. तरुण, उत्साही, स्वभावाने चांगला, पण या वाटेने पूर्वी न आलेला. मोबाईलमधल्या रेषेवर तो आम्हाला नेत होता. दुपारी त्या रेषेने आम्हाला कारवीच्या रानात घातलं. डोक्यावर जाणारी कारवी, पायाखाली घसारा, पुढे तुटलेला कडा. दोन तास गेले. माझ्याकडचं पाणी संपलं, मागच्या दोन मुली रडकुंडीला आल्या.

माझं माहेर लातूर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी तिथेच होते. रिकाम्या हंड्यांच्या रांगेत आई उभी असायची. बाटली रिकामी झाल्यावर पोटात जो गोळा येतो, तो माझ्या ओळखीचा आहे. म्हणूनच हा प्रसंग मी सौम्य करून सांगणार नाही. ती चूक गंभीर होती.

शेवटी लीडरने खालच्या वाडीत फोन लावला आणि एक वाटाड्या वर आला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, आम्ही मामा म्हणू लागलो. त्यांनी आधी मोबाईल पाहिला आणि म्हणाले, "ताई, ही वाट दरड पडायच्या आधीची आहे." मग एका उंबराकडे बोट करून उतरले. तिथे काळ्या कातळाखाली तांबड्या मातीचा हातभर थर होता आणि त्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. धार म्हणावी इतकंही नाही. मामांनी एक रुंद पान दुमडून सांध्यात खोचलं, वर बोटभर दगड ठेवला, आणि पानाच्या टोकातून बारीक धार बाटलीत पडू लागली. एक लिटर भरायला चार-पाच मिनिटं. 26 जणांच्या बाटल्या भरेपर्यंत सूर्य कलला, पण कोणी कुरकुर केली नाही.

लाव्ह्याच्या दोन थरांमधली ही तांबडी माती पाणी अडवते, म्हणून ते तिथून बाहेर येतं. हे पुस्तकात असेल, पण त्या डोंगरात नेमकं कुठे, हे मामांना ठाऊक होतं. रात्री शेकोटीशी कोणीतरी सांगितलं की प्रवरा रतनगडाजवळच उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. म्हणजे हे थेंब जायकवाडीच्या वाटेवरचे, आमच्या नळाला येतं त्या पाण्यातले. मला बराच वेळ झोप लागली नाही.

घरी आल्यावर लेखी तक्रार केली. संस्थेने चूक मान्य केली, अर्धे पैसे परत दिले. शिवाय त्या वाटेवर स्थानिक वाटाड्या सक्तीचा केला. म्हणूनच जूनमध्ये त्यांच्याबरोबर हम्प्टा पासला गेले, नाहीतर गेले नसते.

हम्प्टाची उंची सुमारे 14,000 फूट, कुलूच्या बाजूने चढायचं आणि लाहौलमध्ये उतरायचं. आम्ही 14 जण, दोन लीडर, दोन स्थानिक सहायक. बालू का घेरा इथल्या मुक्कामी माझ्या नणंदेचं डोकं ठणकू लागलं, रात्री दोन उलट्या झाल्या. लीडरने बोटाला ऑक्सिमीटर लावला. मग उंचीच्या त्रासाने तोल जातोय का हे पाहायला टॉर्चच्या उजेडात, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं. सहाव्या पावलाला तिचा तोल गेला. "गोळी घेऊन उद्या बघू" असं तो म्हणाला नाही. एक सहायक सोबत देऊन लगेच तिला खाली धाडलं. मी निघाले तर तीच म्हणाली, "वहिनी, तुम्ही जा, मी खाली बरी होईन." खाली उतरता उतरता तिला बरं वाटलं. पैसे पूर्ण गेले, तरी ती आजही त्या लीडरचं नाव आदराने घेते.

पास ओलांडताच हिरवळ संपली. पुढे नुसते करडे, कोरडे डोंगर. पावसाळी ढग अलीकडेच अडतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वाढलेल्या मला तो उतार परका वाटला नाही.

खर्च: सह्याद्रीतल्या तीन दिवसांना माणशी 4,500, हम्प्टाला मनाली ते मनाली 11,500. जेवण साधं आणि पोटभर होतं. टेंट जुने, माझ्या टेंटची चेन दोन्ही मोहिमांत अडकली. बायकांसाठी वेगळा शौचाचा तंबू फक्त हम्प्टाला होता. सह्याद्रीत आडोसा शोधावा लागला, पाळीच्या दिवसांत हे फार त्रासाचं होतं. यावर संस्थेने अजून काही केलेलं नाही, मी पुन्हा कळवलं आहे.

बुकिंगआधी मी आता चारच गोष्टी विचारते. लीडर या वाटेने याआधी कधी गेला? गावातला वाटाड्या आहे का, त्याला किती पैसे देता? एका लीडरमागे माणसं किती? पाणी कुठे कुठे आहे? टेंटचा ब्रँड आणि फोटोचा ड्रोन मी विचारत नाही. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला, तर फोन ठेवते.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा रतनगड ठरलाय. या वेळी नणंदही येणार आहे. मामांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "या ताई, पाऊस चांगला झालाय, झरा चालू आहे."