रिमोट स्टार्टच्या नावाखाली 12,400 रुपयांना गंडवलं, सोलापूरकरांनो गाडी टाकायच्या आधी वाचा

गाडी ऑटोमॅटिक आहे, 2021 ला बाहेरून अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवून घेतलेलं. शौक म्हणून नाही वो. अण्णांचं डायलिसिस चालू आहे, मे महिन्यात दुपारी आपल्याकडं गाडीत पाय ठेववत नाही, म्हणून त्यांना खाली आणायच्या आधी एसी चालू करून ठेवायचो.

मध्यंतरी रात्री दोन-अडीचला सायरन आपोआप बोंबलायला लागला आणि रिमोट स्टार्ट मारलं की नुसते इंडिकेटर लुकलुकायचे, इंजिन घेतच नव्हतं. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत घराला घर लागून, शेजारचे काका दोनदा दारात आले. मग ओळखीच्यानं सांगितलं म्हणून एका दुकानात गाडी नेली.

डॅशबोर्डवर छोटा निळा लाइट आहे, गाडी लॉक असली की लुकलुकतो, उघडली की विझतो. तो माणूस सीटवर बसला, स्टिअरिंगखाली हात घालून काहीतरी दाबलं आणि लाइट सलग लागून राहिला. मी दारातच उभा होतो, या डोळ्यांनी बघितलं! "मालक, मॉड्यूल उडालंय, बघा आता स्टार्ट मारून." मॉड्यूल म्हणजे अलार्म आणि रिमोट स्टार्ट चालवणारा डॅशबोर्डमागचा डबा. मारलं, काहीच नाही. अहो तो व्हॅले मोड होता, अलार्म आणि रिमोट स्टार्ट दोन्ही बंद ठेवायची सोय, माझ्या सिस्टिमच्या पुस्तकात सरळ लिहिलंय आणि पुस्तक घरी कपाटात. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की लाइट असा का लागला. पण संध्याकाळी अण्णांना न्यायचं होतं, डोकं जाग्यावर कुणाचं असतं अशा वेळी.

मॉड्यूल 8,500, इमोबिलायझर बायपास (आत चावी नसतानाही रिमोटनं इंजिन चालू होऊ देणारा पार्ट) 2,400, मजुरी 1,500. पाच हजार रोख घेतले, 7,400 फोनवरून. बायपाससाठी म्हणून दुसरी चावी दोन दिवस ठेवून घेतली. आता सांगा, बायपास आधीपासून नसता तर इतकी वर्षं गाडी रिमोटनं चालू कशी झाली असती? हे मला तेव्हा सुचलं नाही याचा राग अजून जात नाही. चावी कुणाकडं ठेवू नका, काही झालं तरी.

अकराव्या दिवशी परत तेच. दुसऱ्या वायरमनकडं गेलो, त्यानं बॉनेट उघडून मीटर लावला, पाच मिनिटांत सांगितलं, बॉनेटची पिन स्विच गंजलीय. सिस्टिमला वाटतं बॉनेट उघडं आहे, म्हणून सायरन वाजतो आणि कुणाचा हात इंजिनात असेल म्हणून स्टार्ट घेत नाही. मी त्याच महिन्यात प्रेशरनं इंजिन धुवून आणलं होतं. स्विच 180, मजुरी 100. डॅशबोर्ड खोलला तर मॉड्यूल जुनंच, 2021 ला मार्करनं लिहिलेला माझा गाडी नंबर तसाच त्याच्यावर! जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि वर विचारलं, "पैसे तुम्हीच दिले ना मग?" अहो दिले म्हणूनच आलोय! हा दिवाणी मामला आहे म्हणे. न बदललेल्या पार्टचे 8,500 घेणं दिवाणी कसं, ते कुणी सांगेना. अर्ज घेतला पण पोचसाठी तीन खेपा घातल्या, प्रत्येक वेळी साहेब बंदोबस्ताला. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी पक्कं बिल मागितलं, माझ्याकडं वहीच्या पानावरची चिठ्ठी. बिल मागितलं होतं मी, 18 टक्के जास्त पडतील म्हणाला, गप्प बसलो. तुम्ही बसू नका, बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

रिमोटचा सेल आधी बदला, गाडीची बॅटरी तपासा, लाइट लुकलुकतोय का सलग आहे ते बघा, नंतरच गाडी टाका. आणि सीटवर बसलेल्याच्या हाताकडं लक्ष ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, मी कागद तयार करतोय. मॉड्यूलचे फोटो, फोनवरचा व्यवहार, चिठ्ठी सगळं जोडलंय. चावीचं टेन्शन आहेच, म्हणून रात्री स्टिअरिंगला कुलूप घालतो.