'चेक इंजिन'चा दिवा आणि माझे २७,०५० रुपये

२७,०५० रुपये गेले आणि दिवा अजून पेटलेलाच आहे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला त्याला "कितीला बसला?" हेच ऐकायचं असतं, आणि मग "एवढं कसं कळलं नाही हो?" असा चेहरा करायचा असतो. गॅरेजवाले कसे कापतात हे मी तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. उभी नोकरी बँकेत सह्या पडताळण्यात गेली माझी. तेव्हा हसायचं असेल तर पुढचं वाचून मग हसा.

गाडी २०१४ची, पेट्रोल, प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांतली. पिवळा इंजिनाचा दिवा लागला, पण गाडी कुठे झटके देत नव्हती, पिकअप ठीक, टेम्परेचरचा काटा जागेवर. दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची. मिसफायर होत असतं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसतं, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन त्याचं वाटोळं करतं. माझा स्थिर होता, म्हणजे सवडीने दाखवता आला असता. पण आठवड्याने भाचीच्या लग्नाला याच गाडीने जायचं होतं आणि नेहमीचा मेकॅनिक नेमका गावी. म्हणून 'कॉम्प्युटराइज्ड स्कॅनिंग'चा बोर्ड बघून एका गॅरेजात गेलो. कोणीही गेलं असतं.

पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. पी०४२०. "कॅटलिटिक गेला, काका. मी नाही, कॉम्प्युटर सांगतोय."

कॉम्प्युटर असलं काही सांगत नाही! कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली दिसतंय, एवढाच त्या कोडचा अर्थ. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, मागे एक. पुढच्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होतं, मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहायला हवं. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हा कोड टाकतो. तो का नाचतोय हे कोड सांगत नाही. कन्व्हर्टर संपला असेल, मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा सायलेन्सरच्या पाइपला कुठे गळती असेल. दोन्ही सेन्सरचा चालू ग्राफ त्याच स्कॅनरवर दिसतो, तो मागून घ्या. दाखवायला कुरकुर केली तर चावी उचला आणि निघा.

स्कॅनिंग १,२००, कन्व्हर्टर १८,४००, मजुरी २,५००. गाडी सकाळी सोडली, संध्याकाळी आणायला गेलो. दिवा गेलेला. हिशेब करताना मालक अगदी आपुलकीने म्हणाला, "काका, जुना कन्व्हर्टर भंगारात जाईल, त्याचे ५०० कमी करतो." मी म्हटलं, बघू तरी जुना. तर म्हणाला, "गरम आहे, हात भाजेल."

गाडी सकाळपासून जॅकवर. इंजिन दिवसभर बंद. आणि पाइपमधून काढून ठेवलेला डबा संध्याकाळी सहाला गरम!

हे वाक्य मी रोज रात्री ऐकतो. तेव्हाही कानाला खटकलं होतं, हे शपथेवर सांगतो. पण मालकाचा पोरगा तोवर गाडी पुसत होता, चहा हातात दिलेला, आणि ५०० रुपये सुटले म्हणून मी मनातून खूश. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर घेणारे लोक ५०० च्या कितीतरी पट मोजतात. मी त्यालाच माल विकला आणि वर त्याला मजुरी दिली. २१,६०० दिले. त्यातले १०,००० यूपीआयने, तेही भलत्याच कुणाच्या नावावर, बाकी रोख. बिल म्हणून 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल."

लग्न पार पडलं आणि दिवा परत लागला. दिवा गेला म्हणजे दुरुस्ती झाली असं नसतं. स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा लगेच विझतो. कन्व्हर्टरची तपासणी ईसीयू इंजिन गरम असताना आणि गाडी एका लयीत चालत असतानाच करतो, आणि दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लावतो. गावातल्या गावात गाडी चालवणाऱ्याला तोवर बरेच दिवस मिळतात. गॅरेजवाल्यालाही.

परत गेलो. "आता सेन्सर गेला, काका. जुन्या गाडीचं असंच, एक केलं की दुसरं निघतं." सेन्सर ४,८५०, मजुरी ६००. नव्या सेन्सरचा खोका माझ्या हातात दिला, पुरावा म्हणून. खोका!

आमचा मेकॅनिक गावाहून आल्यावर त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्यांच्या, बोल्टांवर जुना गंज जसाच्या तसा, पाना कधी लागलेलाच नाही. कन्व्हर्टरच्या दोन्ही अंगाला मात्र ताज्या वेल्डिंगचे मणी. मूळ डबा ग्राइंडरने कापून नेलेला आणि जागी चकचकीत पत्र्याचा पोकळ डबा. त्याने पान्याने ठोकून दाखवला, रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा वाजला. सेन्सर जुनाच, फक्त पुसलेला. आणि फ्लँजच्या सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा, पक्का भाजलेला, जुना. सांध्यातलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, फुटून तिथून हवा आत ओढली जात होती. सकाळी थंड इंजिन सुरू करताना येणारी टिकटिक तीच. गॅस्केट २८०, मजुरी ७००. ९८० रुपयांत हे सगळं मिटलं असतं. आता गॅस्केट बदललं तरी दिवा जात नाही, कारण आता खरोखरच गाडीला कन्व्हर्टर नाही.

ग्लोव्ह बॉक्समध्ये महिन्याभरापूर्वीचं पीयूसी होतं. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, माझं ०.०४. संपलेल्या कन्व्हर्टरच्या गाडीचा असा आकडा सहसा येत नाही. पी०४२० ऐकलंत की आधी पीयूसीचा कागद काढून बघा.

मग आमची वरात सरकारी दारांत. चौकीवर म्हणाले, "हा दिवाणी मामला." मी भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८, फसवणूक, दाखवलं, तर "वकील आहात का?" अर्ज घ्यायला तयार नाहीत, घेतला तर पोच द्यायला तयार नाहीत. ग्राहक हेल्पलाइनवर त्यांनी बिल मागितलं. बिल नाही म्हटल्यावर तक्रार 'निकाली'. बिल दिलं नाही हीच तर तक्रार! परिवहन कार्यालयात तर कमाल झाली. गॅरेजांवर त्यांचं नियंत्रण नाही म्हणे, पण कन्व्हर्टर नसलेली गाडी रस्त्यावर आणलीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड तुम्हालाच. चोर मोकळा आणि चोरीचा माल नाही म्हणून दंड मला.

ग्राहक आयोगात मात्र जाणार आहे. २०१९च्या कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २ वर्षांची मुदत आहे. चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोका, वेल्डिंगचे फोटो, आधीचं पीयूसी आणि आत्ता नापास झालेलं पीयूसी, सगळं लावलंय. तुमच्याकडे एवढंही नसेल तर गाडी टाकायच्या आधीच खालून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बदललेला भाग, गरम असो की गार, डिकीत टाकून घरी न्या. त्याच सॉकेटमध्ये बसणारा, मोबाइलवर कोड दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडाप्टर हजाराच्या आत येतो; कोड आपण आधी वाचायचा, सोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही, म्हणजे कोड पडला त्या क्षणाच्या इंजिनाच्या नोंदी, आणि मगच गॅरेजची पायरी चढायची.

परवा मालकाचा फोन होता. "काका, ५,००० परत घ्या आणि विषय संपवा." कशाचे ५,००० ते लेखी द्या म्हटलं. फोन ठेवून दिला त्याने.